पगाराची पट्टी

पेठ गावच्या हौशीरामाचं आयुष्यात कुणाशी वैर असेल, तर ते कपातीशी. मंचरच्या बाजारात कांदा विकला की आडत्या हिशेबाची पट्टी हातात द्यायचा. वजन किती भरलं, भाव काय लागला हे लोक आधी बघतात. हौशीरामाची नजर मात्र थेट खालच्या कोपऱ्यात जायची. हमाली किती कापली, तोलाई किती, भराई कशाची? मग तिथंच उभं राहून तो गाळा डोक्यावर घ्यायचा. दूध घालायला गेला तरी फॅटवरून तेच. त्याला लांबून येताना बघितलं की आडत्याचा हिशेबनीस उगाच चष्मा पुसायला घ्यायचा.

हे काही गरिबीपोटी नव्हतं. विहिरीला पाणी होतं, चार गाया होत्या, थोरला आदेश चाकणला कंपनीत चिकटला होता. पण आपल्याला न विचारता आपल्यातलं कुणी कापून घेतलं, की हौशीरामाच्या पोटात दुखायचं. त्याला औषध नव्हतं.

धाकटी स्नेहल गुजरातेत, आणंदला डेअरीचं शिक्षण घेत होती. एम.टेक.च्या वर्गात गेल्यावर तिनं तिथल्याच एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीची नोकरी धरली. पहाटे दुधाचे नमुने तपासायचे आणि दुपारी कॉलेज. पहिला पगार झाला त्या दिवशी तिनं पगाराच्या स्लिपचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच फोन केला.

"अण्णा, बघितलं का? आणि ऐका, इथं वर्षभर पगारी नोकरी झाली की कायम जागेला अर्ज करता येतो. ज्युनियर केमिस्ट. ती जागा मला काढायचीच आहे."

"बघितलं," हौशीराम म्हणाला. "पण हे दोनशे कशाचं कापल्यात?"

"तो व्यवसाय कर असतो अण्णा. सगळ्यांचा कापतात."

"सगळ्यांचा कापू दे. तू तिथली हायेस का?"

स्नेहल हसली आणि तिनं आईला फोन द्यायला सांगितला. अंजनाबाईनं लेकीचं तोंड भरून कौतुक केलं, देवापुढं साखर ठेवली. हौशीराम फोटो बोटांनी मोठा करून करून तेवढा एक आकडा बघत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मंचर गाठलं. पुनमचंद शेटजींच्या जुन्या धान्य दुकानाच्या माडीवर त्यांचा नातू पीयूष कराची कामं बघायचा. या घराण्याशी हौशीरामाच्या बापापासूनचा व्यवहार, त्यामुळं पीयूष त्याला काका म्हणायचा आणि फी मागताना जरा लाजायचा.

"काका, यात काही चूक नाही," स्लिप बघून पीयूष म्हणाला. "गुजरातेत बारा हजारांच्या वर पगार गेला की महिन्याला दोनशे."

"आन् आपल्याकडं?"

पीयूषनं खोटं बोलायला हवं होतं, पण तो सरळ माणूस. "आपल्याकडं बाईमाणसाला पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे."

"माफ!" हौशीराम खुर्चीतून अर्धा उठला. "म्हंजी महाराष्ट्राच्या पोरीला महाराष्ट्रात माफ, आन् गुजरातनं तिचं कापायचं? ह्यो कुठला न्याय राव?"

"काका, तुम्ही कुठले हे हा कर बघत नाही. काम कुठं करता ते बघतो. आमचं मूळ राजस्थानातलं, तिथं तर हा करच नाही. म्हणून माझा सोडतात का इथं?"

"मग साल संपल्यावर परत मागू."

"इन्कम टॅक्स कापला असता तर रिटर्न भरून परत मागितला असता. हा गेला तो गेला." पीयूषनं चहा पुढं सरकवला. "अहो, आदेशच्या पगारातून पण कापतातच की दर महिन्याला. सोडून द्या."

आदेशच्या पगारातूनही कापतात ही हौशीरामाला नवीनच बातमी होती. चहा त्याला कडू लागला.

सोडून देणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं. कायद्यानं होत नसेल तर माणसानं होतं, हा आमच्या भागातला पक्का विश्वास. तहसील असो, दवाखाना असो, कुणीतरी सोयरा, कुणीतरी गाववाला तिथं असतोच. त्याला गाठायचं आणि शब्द टाकायचा. हौशीरामानं चौकशी लावली, आणि त्या प्रकल्पात पगाराच्या टेबलावर आणे गावचे गेणभाऊ आहेत असं निघालं. गेणभाऊंचा पुतण्या हौशीरामाच्या चुलत बहिणीचा जावई. एवढं नातं आपल्याकडं शब्द टाकायला पुरून उरतं.

जानेवारीत आण्याच्या यात्रेला गेणभाऊ गावी आले. हौशीराम एरवी आण्याच्या पठारावर फारसा चढायचा नाही, पण त्या दिवशी गाडी काढून गेला आणि पंगतीत बरोबर गेणभाऊंच्या शेजारची जागा धरली. आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता त्यानं विषय काढला.

"एवढंच व्हय?" गेणभाऊ म्हणाले. आपल्याला कुणी काम सांगितलं की त्यांची छाती फुगायची. "पोरगी शिकतीच हाय ना? मग शिकाऊ म्हणून दाखवतो. शिकाऊला पगार नसतो, विद्यावेतन असतं. त्याच्यावर ह्यो कर न्हाई. पैसे तेवढंच, कापाकापी बंद. तुमचं काम झालं समजा पावणं."

लेक फोनवर काय म्हणाली होती ते हौशीरामाला त्या घडीला आठवायला हवं होतं. वर्षभराची पगारी नोकरी, असं ती स्पष्ट म्हणाली होती. पण समोर गरम आमटी होती आणि मनात जिंकल्याचा आनंद होता. त्यानं गेणभाऊंच्या पानात स्वतःच्या हातानं आणखी एक भाकरी वाढली.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. अंजनाबाई शेंगा फोडत होती. तिनं एकच विचारलं, "पोरीला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं? तिचाच फायदा हाय."

फेब्रुवारीपासून कपात थांबली. गेणभाऊंचा तसा निरोपच आला. हौशीरामानं ही गोष्ट दूध केंद्रावर सांगितली, पारावर सांगितली, मंचरला जाऊन पीयूषला मुद्दाम सांगितली. पीयूष "बरं झालं" म्हणाला, पण त्याच्या कपाळाला आठी पडली होती. शिकाऊ म्हणून दाखवल्यावर नोकरीचं काय, असं काहीसं तो पुटपुटला. हौशीरामानं ते कानाआड केलं. शिकलेल्या लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही, अशी त्यानं मनाशी गाठ मारली.

आणि स्नेहल? ती परीक्षेच्या धांदलीत होती. बँकेत दोनशे रुपये जास्त आलेले तिला दिसले. कराची मर्यादा वाढली असेल, असं बरोबरची मुलगी म्हणाली आणि तिनंही मान डोलावली. स्लिपच्या वरच्या भागात काय बदललंय ते तिनं वाचलंच नाही. शेवटी तीही बापाचीच लेक, खालचा आकडा बघून मोकळी झाली.

ऑगस्टमध्ये तिचं वर्ष भरलं. ज्युनियर केमिस्टच्या जागा निघाल्या. तिनं अनुभवाचा दाखला मागितला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हौशीरामाचा फोन वाजला.

"अण्णा, तुम्ही गेणभाऊ काकांना काही सांगितलं होतं का?"

"सांगितलं की!" हौशीराम उत्साहानं म्हणाला. "तुझं दोनशे कोणी वाचवलं मग? लई मोठ्या मनाचा माणूस."

स्नेहल एकेक शब्द सुटा करून बोलल्यासारखी म्हणाली, "मला पाचच महिन्यांचा दाखला मिळालाय. फेब्रुवारीपासून मी नोकर नाही, शिकाऊ आहे. शिकाऊला अर्ज करता येत नाही."

"आता... ते म्हनले की पैसे तेवढंच..."

"पैशांचं कोण बोलतंय? पट्टीतून न विचारता एक रुपया कापला तर तुम्ही अख्खं मार्केट डोक्यावर घेता. माझी तर नोकरीच कापलीत तुम्ही. मला एका शब्दानं विचारलं का?"

फोन बंद झाला. हौशीराम गोठ्यात उभा होता. गाईनं त्याच्या सदऱ्याची बाही चाटायला सुरुवात केली तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला याआधी वाटल्याचं आठवत नव्हतं.

तो पीयूषकडं गेला. या खेपेला खुर्चीच्या कडेवर बसला. पीयूषनं "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, हा त्याचा मोठेपणा. तो म्हणाला, "कंपनीनं लिहून मान्य करायला हवं की ती नोकरच होती, शिकाऊ दाखवलं ही चूक झाली. मग मागच्या सगळ्या महिन्यांचा कर व्याजासकट भरायचा. गेणभाऊंच्या हातात ते नाही आता. वरच्या साहेबांपुढं खरं सांगावं लागेल."

"म्हंजी कर कापा म्हणून पाया पडायचं."

"तसंच म्हणा."

हौशीरामानं पुण्याहून गाडी धरून आणंद गाठलं. प्रकल्पाच्या फाटकापाशी पांढऱ्या कोटातली स्नेहल आली. डोळे सुजलेले होते.

"आता कुणाला शब्द टाकायला आलात?"

"शब्द नाय टाकायचा," तो म्हणाला. "कबूल करायचंय. तू म्हणशील तर आत येतो, नायतर हितूनच माघारी जातो."

स्नेहलनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "चला."

आस्थापनेच्या साहेब एक गुजराती बाई होत्या. स्नेहलचा दुरुस्तीचा अर्ज त्यांच्यापुढं होताच. गेणभाऊ बाजूच्या टेबलावर बसून छताचा पंखा न्याहाळत होते. हौशीरामानं टोपी काढून हातात घेतली आणि टीव्हीवर ऐकलेलं सगळं हिंदी गोळा केलं.

"मॅडम, गलती मेरी है. लडकी को कुछ मालूम नव्हतं. मैंने बोला था की टॅक्स मत काटो. अब काटो. पिछला भी काटो, ब्याज भी काटो."

बाईंना हसू आवरेना. इतक्या वर्षांत कर कापा म्हणून विनवणारा पहिलाच माणूस बघते आहे, असं त्या म्हणाल्या. पण गेणभाऊंकडं वळल्या तेव्हा त्या हसत नव्हत्या. त्यांनी हजेरी मागवली. स्नेहलनं एकही पाळी अर्धी केली नव्हती. काम नोकराचंच आहे, दुरुस्ती करू, असं त्यांनी सांगितलं. फक्त कागद मुख्य कार्यालयात जाऊन येईपर्यंत वेळ लागेल.

वेळ लागलाच. दुरुस्ती होऊन आली, कर आणि व्याज भरलं गेलं, पूर्ण वर्षाचा दाखला मिळाला. तोवर अर्जाची मुदत संपून गेली होती. पुढची भरती पुढच्या वर्षी.

स्नेहलचा आठवड्याला फोन यायचा, खुशाली कळायची. पण ग्रुपवर स्लिप पुन्हा आली नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हौशीराम फोन उघडायचा, वर-खाली करायचा आणि खिशात टाकायचा. अंजनाबाईला ते दिसायचं.

दिवाळीला गेणभाऊ फराळाला पेठेला आले. स्नेहलला रजा नव्हती, ती आणंदलाच होती. गेणभाऊ ओशाळलेले होते. चकली मोडत म्हणाले, "पावणं, माझ्या हातनं जरा गडबड झाली. पर पुढच्या भरतीत मी भरून काढतो. निवड समितीत एक जण माझ्या जवळचा हाय. शब्द टाकून ठेवू का? जागा पोरीचीच समजा."

हौशीरामाच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोलायचं? आयुष्यभराची सवय जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. अंजनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हौशीरामानं तिच्याकडं बघितलं, मग खिशातून फोन काढला.

"स्नेहल, गेणभाऊ आल्यात. भरतीसाठी शब्द टाकू का म्हणत्यात. काय सांगू?"

ती म्हणाली, "नको म्हणावं अण्णा. मी माझी देईन परीक्षा."

"बरं."

"अण्णा..."

"काय गं?"

"काही नाही. फराळ पाठवा."

हौशीरामानं फोन ठेवला. "नगं म्हणती," त्यानं गेणभाऊंना सांगितलं.

"अवो, पोरं न्हाईच म्हणत्यात. तुमी बाप हाय, तुमी ठरवा की."

"नोकरी तिची हाय गेणभाऊ," हौशीराम म्हणाला आणि त्यांच्या ताटलीत लाडू ठेवला.

पुढच्या महिन्यात तो गाईला पेंड घालत होता तेव्हा फोन वाजला. ग्रुपवर फोटो आला होता. त्यानं हात सदऱ्याला पुसले आणि ओट्यावर बसला. या वेळी तो खालच्या कोपऱ्यात गेला नाही. सगळ्यात वरती होतं, स्नेहल हौशीराम. त्याच्याखाली पद, प्रयोगशाळा सहायक. त्याच्याखाली नोकरीला लागल्याची तारीख. एकेक ओळ बोट ठेवून वाचत तो खाली आला. शेवटी कपात: व्यवसाय कर, दोनशे.

संध्याकाळी दूध घालायला केंद्रावर गेला. फॅट नेहमीपेक्षा कमी लागली तरी त्यानं हूं का चूं केलं नाही. केंद्रवाल्याला काळजी वाटली. त्यानं विचारलं, तब्येत बरी आहे ना?

"बरी हाय," हौशीराम म्हणाला आणि फोन त्याच्या नाकापुढं धरला. "हे बघ. आमच्या स्नेहलचा कर कापत्यात. दर महिन्याला."