समुद्राकडे तोंड असलेली चार टेबलं

तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला सिस्टर म्हणत. चौतीस वर्षं तिने ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून काढली होती. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. रिटायर झाली तेव्हा फंडाची रक्कम एकगठ्ठा हातात आली आणि तिच्या मागोमाग दारात एक एजंट आला.

एजंट लबाड नव्हता, नुसता आशावादी होता. किनाऱ्यावर, टेकडीच्या पायथ्याशी एक दुमजली घर विकायला होतं. “नोकरी आता माणसाच्या मांडीवर आलीय, सिस्टर,” तो म्हणाला. “लॅपटॉप उघडला की झालं ऑफिस. मग माणूस समुद्रासमोर का नाही बसणार? आणि ही मंडळी दोन दिवसांचे पाहुणे नाहीत, महिना महिना राहतात.”

सिस्टरला पटलं. फंड मात्र पुरेना. तेव्हा ती धाकट्या बहिणीकडे गेली. धाकटी शिवणकाम करायची, नवरा गेल्यापासून भाड्याच्या एका खोलीत राहायची. नवऱ्याच्या विम्याचे पैसे तिने हात न लावता ठेवले होते. ताईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, म्हणून तिने ते काढून दिले, खोली सोडली आणि मशीन घेऊन समुद्रावर राहायला आली. “लोकांचा पैसा पाण्यात जातो,” ती हसत म्हणाली, “आपला निदान काठावर तरी आहे.”

वरच्या मजल्यावर चार खोल्या केल्या. प्रत्येकीत समुद्राकडे तोंड करून एक टेबल. खुर्च्या घेताना सिस्टर दुकानात एकेका खुर्चीवर अर्धा अर्धा तास बसली. माणसाची पाठ कुठे दुखते हे तिला नेमकं माहीत होतं. इंटरनेटचं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. कंपनीने केबल टेकडीच्या वळणापर्यंत आणली आणि पुढचा उतार खचतोय म्हणून तिथेच थांबवली. पुढच्या महिन्यात नक्की, असं त्यांनी अकरा महिने सांगितलं, मग तेही सांगणं सोडलं. सगळी भिस्त मोबाइलच्या टॉवरवर, आणि जरा वारा सुटला की तोही राम म्हणायचा.

पाहुणे येत. पहिल्या दिवशी सूर्यास्ताचे फोटो काढत, दुसऱ्या दिवशी हात उंच करून रेंज शोधत गच्चीभर फिरत, तिसऱ्या दिवशी बॅग भरत. खुर्ची उत्तम आहे, असं जाताना बहुतेकांनी लिहिलं. त्याखाली काय लिहिलं ते धाकटी ताईला वाचून दाखवत नसे. दुसऱ्या वर्षी खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज खाल्ले, मागच्या भिंतीला ओल आली आणि सलग चार महिने एकही खोली उघडली नाही.

मग एका सकाळी सिस्टरने जाहिरातीत एक ओळ घातली. चोवीस तास अखंड इंटरनेट. थर्मामीटर न लावता तिने कधी कुणाचा ताप लिहिला नव्हता. ती ओळ लिहून ती बराच वेळ नुसती बसून राहिली, पण खोडली नाही.

आठव्या दिवशी एका बाईचा फोन आला. ती दुभाषी होती. डॉक्टर एक भाषा बोलतो, पेशंट दुसरी, आणि ही दूर कुठेतरी बसून दोघांच्या मधे बोलते, असं तिचं काम. लाइन पक्की आहे ना, तिने दोनदा विचारलं. तिच्या कामात मधेच थांबून चालत नव्हतं. सिस्टर दोन्ही वेळा पक्की म्हणाली.

नऊ दिवस नशिबाने साथ दिली. दहाव्या दिवशी दुपारी वारा उठला. सिस्टर जिन्यात केर काढत होती, तेवढ्यात दुभाषी लॅपटॉप हातात धरून धावत बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पलीकडे एक अडलेली गरोदर बाई टेबलावर होती, गुंतागुंत झाली होती आणि ती डॉक्टरांना उत्तर देत असताना लाइन गेली होती.

सिस्टरने केरसुणी तिथेच टाकली. जुनी गाडी काढली, दुभाषीला शेजारी बसवलं आणि उतारावरून चढत वळणापर्यंत अशी गाडी हाणली की एकदा चाक कडेवरून घसरलंच. वळणावर रेंज आली. दुभाषीने घाईघाईने फोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि हात खाली घेतला. तिच्या जागी दुसरं कुणीतरी बसलं होतं.

“मग बाईचं काय झालं?” सिस्टरने विचारलं.

“ते आम्हाला कधीच सांगत नाहीत.” दुभाषी म्हणाली, “डॉक्टरांनी विचारलं, वेळ आलीच तर कुणाला वाचवायचं. ती म्हणाली, ‘आधी…’ आणि लाइन गेली.”

सिस्टरने अशी टेबलं पाहिली होती. अशा बायकांचे हात धरले होते. गाडीचं इंजिन चालूच होतं, ते बंद करायचंही तिला सुचेना.

“लाइन पक्की नव्हती,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.”

दुभाषीने तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही नर्स होतात ना?” एवढंच तिने विचारलं. संध्याकाळच्या बसने ती गेली. सिस्टरने तिचे तीन महिन्यांचे आगाऊ पैसे परत दिले. घरात होते नव्हते ते सगळे त्यात गेले.

धाकटी मशीनवर पडदे शिवत होती. सिस्टर समोर बसली आणि तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. धाकटीने मशीन थांबवलं.

“माझे पैसे कधी परत मिळतील, हे मी तुला एकदाही विचारलं नाही, ताई,” ती म्हणाली. “तुला वाईट वाटेल म्हणून. पण मी विचारत नाही याचंच तुला ओझं झालं असणार.”

सिस्टर तोंडावर पदर धरून रडली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

जाहिरात काढली, घर विकायला लावलं. एजंट आता पूर्वीसारखा हसत नव्हता. रस्ता खचतोय हे सगळ्यांना कळलंय, म्हणाला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी सिस्टरने शहरातल्या एका हॉस्पिटलात अवजारं निर्जंतुक करण्याचं काम धरलं. थिएटरमध्ये तिला कुणी घेईना. धाकटीला जायला खोली उरली नव्हती, म्हणून ती समुद्रावरच राहिली.

महिन्याभराने तिचा फोन आला. एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याने वरच्या खोल्या पाहिल्या, समुद्र पाहिला, मग मागच्या भिंतीला पडलेल्या भेगेत बोट घालून पाहिलं आणि चहा न घेताच ते निघून गेलं.

“बरं,” सिस्टर म्हणाली. “तू जेवलीस का?”

धाकटी हो म्हणाली. ती खोटं बोलतेय हे सिस्टरला आवाजावरून कळलं. तिने फोन ठेवला आणि सुपरवायझरकडे जाऊन दुसरी पाळीही मागून घेतली.