कळपाबाहेर

आई-आबांना जहाजाच्या सहलीला मीच पाठवलं. आबांनी हयातभर वैजापूरकडं मेंढरं राखली. लंकेत उतरल्यावर जहाजाच्याच बसनं फिरा म्हटलं, तर ते उखडलेच. "जन्मभर मेंढरं हाकली, आता मीच मेंढरू होऊ व्हय?" त्यांनी परस्पर बाहेरची जीप ठरवली. बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या जीपसाठी कोणी थांबणार नाय, हे मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. पण ऐकतंय कोण!

आता ती जीप डोंगरात बंद पडली होती. मदत आणतो म्हणून ड्रायव्हर गेला तो गेलाच. दिवस मावळायच्या आत जहाज सुटणार होतं. मी इथं घरी, पुंडलिकनगरात, मोबाईलवरचा नकाशा बघत बसले होते. दोघांच्या फोनचे दोन ठिपके, एकाच जागी.

तेवढ्यात आबांचा फोन आला. "ज्ञानू, जहाजाची बस आली होती. एकच जागा होती. तुझ्या आईला बसवून दिली."

"आणि तुम्ही?"

"बघतो." आबांनी फोन ठेवला.

एक ठिपका बंदराकडं सरकू लागला. आमच्या इथल्या क्रांती चौकालासुद्धा एकटी न जाणारी माझी आई! निदान ती तरी सुटली, असं म्हणतेय तोवर ठिपका थांबला.

मग तो उलटा फिरला. हळूहळू, माणूस चालतं तेवढ्याच चालीनं, आबांकडं निघाला.