दिव्याची दोरी

माझ्या खोलीतला दिवा लागला की विझला, याची चौकशी चार घरांत व्हावी एवढी मी मोठी बाई नाही. पण ती होत होती. अजून आठवलं की चूळ भरावीशी वाटते.

दिवा साधाच आहे. कापडी टोपीचा, टोपीखाली मण्यांची साखळी लोंबते. एकदा ओढली की लागतो, पुन्हा ओढली की विझतो. दाराजवळ माझं शिवणयंत्र आहे, त्यावर तो उभा. त्या उजेडात मी चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले आणि दोन पोरं वाढवली. पलंग समोरच्या खिडकीखाली, कारण मला वारा लागतो. खोलीत प्लग एकच, तोही दाराशी. म्हणून दिवा उशाशी आणायला जमिनीवरून लांब वायर टाकली आणि पहाटे तिच्यातच पाय अडकून मी आडवी झाले. हाड वाचलं. मांडी मात्र वांग्यासारखी जांभळी झाली.

वायरमन आला, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाला, "आजी, भिंत फोडावी लागेल. आतली वायर एवढी जुनी आहे की एक ओढली तर सगळ्या घराची ओढावी लागेल."

"मग राहू दे," मी म्हणाले. "आणि आजी तुझ्या घरी."

मुलगा म्हणाला, "मग आई, तू बाहेरच्या खोलीत झोप. सोफ्यामागे पलंग टाकतो, पडदा लावतो. नजरेसमोर राहशील."

सोफ्यामागे! तिथं आम्ही मोडकी छत्री आणि इस्त्रीचं टेबल ठेवतो. माझ्या खोलीला दार आहे, दाराला आतून कडी आहे. कडी लावली की मी कुणाची आई नाही, सासू नाही. पाय पसरून बसते, केस सोडते, गेलेल्या माणसाशी दोन शब्द भांडते. ते सगळं पडद्याआड करायचं? त्यापेक्षा पुन्हा पडलेली बरी.

"बरं, भिंत न फोडता करतो," मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला.

माझा मुलगा शीतगृहात रात्रपाळीचा मुकादम आहे. रात्रभर बसून कुठल्या खोलीत किती थंडी आहे ते बघायचं, हे त्याचं काम. तर तो खोकं घेऊन आला. आत दोन पांढऱ्या डब्या. भिंतीतल्या प्लगात डबी, डबीत दिव्याची पिन, झालं.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एकावर एक मिळाली. दुसरी आमच्या खोलीत लावतो."

सून रिकामं खोकं हातात धरून उभी होती. ती मोजकंच बोलते. मला वाटायचं, शिष्ट आहे.

"आता फोनवरून दिवा लागतो," मुलगा म्हणाला. "साखळी ओढून ठेव, तिला हात लावू नकोस."

"कुठल्या फोनवरून? माझ्या?"

"तुझा बटणांचा गं. त्यावर नाही चालत. माझ्या आणि हिच्या. तू मला मिस्ड कॉल दे नुसता, मी कामावरून लावीन."

"म्हणजे खोली माझी, दिवा माझा आणि काडेपेटी तुझ्या खिशात."

"आई, तू ना, चांगल्यातही खडा शोधतेस."

खडा दाताखाली आला की शोधावा लागत नाही. पण मी डबी लावू दिली. सोफ्यामागची जागा आठवत होती.

पहिल्याच रात्री घोळ झाला. मी जन्मभर निजताना प्लगाचं बटण बंद करत आले. आईनं कानफटात देऊन लावलेली सवय. मी बटण बंद केलं, म्हणजे डबी मेली, म्हणजे मुलगा तिकडे फोनवर बोटं आपटतोय आणि इकडे अंधार. सकाळी आला तो तडक माझ्या खोलीत, आणि बटणावर जखमेची चिकटपट्टी लावली. माझ्या भिंतीवर, माझ्या बटणावर, मी काय खोडकर पोर आहे तशी! वर बोटानं दाबून म्हणतो, "याला हात नाही लावायचा हं."

ते 'हं' ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी मी आठ दिवस काढले. उजेड हवा की मिस्ड कॉल द्यायचा, नको की पुन्हा द्यायचा, आणि लेकाच्या मेहेरबानीची वाट बघत अंधारात बसायचं. मग एका सकाळी चहाच्या वेळी तो पाव बुडवता बुडवता म्हणाला, "काल चार वेळा उठलीस आई. दोन दहा, तीन पाच, सव्वाचार आणि पाच वीस. परवा तीनदाच होतं."

मी कप खाली ठेवला. "हे तू मोजतोस?"

"मी कशाला? फोन लिहून ठेवतो. दिवा कधी लागला, कधी विझला."

"आणि मी मोरीत किती वेळ बसले तेही लिहितो का?"

"ते कळतंच की. लागल्यापासून विझेपर्यंत." आणि हसला. तोंडात ओला पाव, आणि हसला. पोटच्या पोराचं तोंड बघून शिसारी यावी, हे मी पहिल्यांदा अनुभवलं.

दुपारी मुलीचा फोन आला. ती दोन गावं पलीकडे असते.

"आई, चार वेळा उठतेस म्हणे? तपासून घे ना काहीतरी."

"तुला कुणी सांगितलं?"

"दादानं सगळ्यांच्या फोनवर दिलाय तुझा दिवा. बरं असतं गं. आमच्या ह्यांच्याकडेपण आहे."

ह्यांच्याकडेपण! जावयासमोर मी कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नाही, आणि त्याच्या खिशात माझ्या लघवीच्या वेळा.

त्याच संध्याकाळी मी कडी लावून कपडे बदलत होते. अर्धे अंगावर, अर्धे हातात. दिवा पटकन विझला, लागला, विझला, लागला. डोळा मारावा तसा. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आपली काही चूक नसताना लाज वाटावी, याच्यासारखी घाण दुसरी नाही. मग फोन वाजला. जावई.

"आई, तुमचा दिवा आत्ता लागला-विझला का? ऑफिसात एकाला दाखवत होतो. विश्वासच बसेना त्याचा!"

"लागला," मी म्हणाले. "आता त्याला सांगा, तुमच्या सासूबाई उघड्या उभ्या होत्या. बसेल विश्वास."

फोन कट झाला. पण त्याचा परिणाम काय, तर मुलगा दुसऱ्या दिवशी तोंड पाडून म्हणाला, "आई, तुला हे झेपत नाही. आणि चार वेळा उठतेस म्हणजे पुन्हा पडशील. रविवारी पलंग बाहेर घेऊ."

"आणि पलंगावरून न उठता दिवा लावून दाखवला तर? तुझ्या डबीशिवाय?"

"लाव बाई," म्हणाला. "मग राहा आत."

रविवारला तीन दिवस होते. मी शिंपीण आहे. शाळा चौथीत सुटली, पण दोरा कुठून कुठं न्यायचा ते मला कुणी शिकवू नये. यंत्रात दोरा वरून खाली, आडवा, पुन्हा वर असा सहा ठिकाणी वळतो तेव्हा कुठं सुईत उतरतो. इथं तर नुसती साखळी ओढायची होती.

काज करायचा जाड दोरा घेतला, चार पदर पिळले, वरून मेण फिरवलं. खालच्या खणात लाकडी रिळं होती, रिकामी. खिळ्यावर रीळ अडकवलं की ते फिरतं आणि दोरा घसरतो. एक रीळ साखळीच्या खाली यंत्राच्या कडेला, एक चौकटीच्या वर, एक कोपऱ्यात, एक खिडकीशी. पण वरचे खिळे ठोकायला स्टुलावर कोण चढणार? मी एक पाय वर ठेवला तोच सून दारात आली. मला वाटलं, आता नवऱ्याला फोन करते.

तिनं माझ्या हातातली हातोडी घेतली. "तुम्ही उतरा," म्हणाली, आणि स्वतः चढली. पहिला खिळा वाकडा गेला.

"शिकलीस तेवढं सगळं पुस्तकातच गेलं वाटतं," मी म्हणाले.

"हो," म्हणाली आणि दुसरा सरळ ठोकला.

पुस्तकांचं वेड तिला फार. अलीकडे तर स्वतःची खोली सोडून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्यानं वाचत असते. मी दोनदा पाहिलं, आणि मनात म्हटलं होतं, हिचंही डोकं फिरलंय.

साखळीला बांधून दोरा ओढला, तर ती हलायच्या आधी दिवाच कलंडला. त्याच्या बुडावर मी माझी जुनी लोखंडी इस्त्री ठेवली. पुन्हा ओढला. टक्! लागला. पुन्हा टक्, विझला. टोकाला कोटाचं मोठं काळं बटण बांधलं, अंधारात हाताला लागावं म्हणून.

रविवारी मुलगा पलंग उचलायला शेजारच्याला घेऊनच आला. मी पडदे ओढले, पलंगावर आडवी झाले, डोळे मिटले आणि दोरा ओढला. तीनदा लावला, तीनदा विझवला.

मुलगा रिळांकडे बघत राहिला. "आणि दोरा तुटला तर?"

"तर दुसरा ओवीन. तुझी डबी फुटली तर काय ओवशील?"

शेजारी फिसकन हसला. मुलानं मान खाली घातली आणि डबी काढून दिली. शब्दाला जागला, एवढं म्हणेन. चिकटपट्टी मी नखानं खरवडून काढली. गोंद राहिला थोडा, तो अजून बोटाला लागतो.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, आणि दिवेलागणीला सून माझ्या दारात उभी. हातात पुस्तक.

"आई, एखादं रीळ उरलंय का?"

"तुला कशाला? तुझा दिवा तर उशाशीच आहे."

ती बोटांनी पुस्तकाची पानं चाळवत राहिली. मग म्हणाली, "दहा वाजले की हे कामावरून विझवतात. मी पुन्हा लावला की पुन्हा विझवतात. सकाळी विचारतात, एवढा वेळ जागून काय करत होतीस."

मला दुसरी डबी आठवली. स्वयंपाकघरातलं उभ्यानं वाचणं आठवलं. शीतगृहात बसलेला माझा मुलगा डोळ्यांसमोर आला, हातात फोन, आणि त्यात आम्ही दोघी. कुठल्या खोलीत किती थंडी, तसं. आपलेच दात, आपलेच ओठ. मीच वाढवलेलं पोर, आणि मलाच थुंकावंसं वाटलं.

"रिळानं नाही भागायचं," मी म्हणाले. "जा, ती डबी उपटून आण. विचारलं तर सांग, सासूनं मागितली."

ती गेली आणि आणली. मी ती खालच्या खणात पहिलीशेजारी टाकली, खणाला किल्ली लावली.

"आता बस इथं," मी म्हणाले. "आणि दाराला कडी घाल."

तिनं कडी घातली. मी दोरा ओढला.