शेवटचा कोंब आणि माझा कोंडलेला वारा

मी एक जुनी निर्जंतुक हवेची पेटी आहे. नावावरून फारसा बोध होत नाही, ठाऊक आहे मला. समोर अर्धी काच, आत पत्र्याचा ओटा आणि डोक्यात फिल्टर. खोलीतली हवा मी वरून ओढते, गाळते आणि समोर बसलेल्या माणसाच्या दिशेनं स्वच्छ वारा सोडते. त्या वाऱ्यात केलेल्या कामाला बुरशी शिवत नाही. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, तेवढंही मला धड करू दिलं नाही.

माझा जन्म शांघायच्या कारखान्यातला. पुष्कळ खोल्या पाहून, रंग उडाल्यावर, मी युन्नानच्या डोंगरातल्या च्येनछ्वानला आले, डॉक्टर त्वान सूयुन यांच्या लहानशा प्रयोगशाळेत. बाई हुशार, जिद्दी आणि तापट. त्यांना छुंगलौ नावाचं डोंगरी औषधी झाड वाचवायचं होतं. सात पानांच्या चकतीवर एक फूल, आणि जमिनीखाली गड्डा. साप चावला की इथले वैद्य तोच उगाळून लावत. व्यापाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर खणून नेले. गावच्या म्हाताऱ्या वैद्यांनी, तोंग आजोबांनी, आपल्या उतारावरचा एक गड्डा बाईंना दिला. बाजारातल्या गड्ड्यांसारखाच दिसत होता; पण जनुकं तपासल्यावर कळलं, ही जात निराळीच आहे, आणि औषधी द्रव्यही तिच्यात जास्त.

मग काम सुरू झालं. कोंबाचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि बाटलीतल्या घट्ट खळीसारख्या खाद्यावर ठेवायचा. त्यातून हुबेहूब त्याच जनुकांची रोपं फुटतात. कापायचं काम बहुतेक चुनरूचं. यिन चुनरू, गावातलीच मुलगी. तिचा हात इतका हलका, की सुरी चालली हे मलाही कळायचं नाही.

आणि बाटल्या नासू लागल्या. आठवड्यात पांढरी लव, मग काळी. का, ते मला माहीत होतं. माझ्या डोक्यावर, हवा ओढायच्या जाळीवरच, खोकी, छत्र्या, बाईंचा कोट असा ढीग होता. आतला फिल्टर धुळीनं थिजला होता. मी घरघरले, कण्हले, थरथरले. बाईंनी रेडिओ मोठा केला.

"हात नीट धुतेस का?" त्यांनी चुनरूला विचारलं.

"कोपरापर्यंत धुते, डॉक्टरबाई."

"मग ही बुरशी काय चंद्रावरून आली?"

"तुम्ही लावलेल्या बाटल्याही नासल्याच की."

"उलट बोलू नकोस. उद्यापासून येऊही नकोस."

चुनरूनं अंगातला पांढरा डगला काढला, घडी करून स्टुलावर ठेवला आणि ती गेली. मला ओरडता आलं असतं तर काच फुटली असती.

त्यानंतर सगळं बाई स्वतःच कापू लागल्या. बाटल्या नासतच राहिल्या. एक दिवस तोंग आजोबा आले.

"काय म्हणतोय माझा गड्डा?"

"एकच कोंब उरलाय, आजोबा. तुमच्या उतारावरचा आणखी एखादा..."

"उतारावर काही नाही. चोरांनी सगळं खणून नेलं."

ते मटकन स्टुलावर बसले आणि सवयीनं चिलीम पेटवली.

"इथं ओढायची नसते."

"नासायचं ते नासलंच आहे की, पोरी."

बाई चिलीम हिसकावून घ्यायला पुढे झाल्या आणि थबकल्या. धूर माझ्या वाऱ्यानं मागे ढकलला जायला हवा होता. तो काचेखालून सरळ माझ्या पोटात शिरत होता.

"आजोबा, पुन्हा फुंका."

"आत्ता तर नको म्हणालीस."

"फुंका हो."

त्यांनी फुंकलं. बाईंनी धुराकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या ढिगाकडे. खोकी खाली उतरवली, मला उघडलं. फिल्टर घोंगडीसारखा झाला होता. बाई तिथेच जमिनीवर बसल्या.

कुनमिंगहून नवा फिल्टर आला आणि मला श्वास घेता आला. बाई चुनरूकडे जाऊन आल्या. ती आता मावशीच्या खाणावळीत काम करत होती.

"काय म्हणाली?" आजोबांनी विचारलं.

"मी म्हटलं, चुकले मी. ती म्हणाली, बसा, शेवया खाऊन जा."

"मग?"

"खाल्ल्या. फार तिखट केल्या होत्या."

शेवटचा कोंब कापायचं धाडस बाईंना होईना. सुरी उचलायच्या, ठेवून द्यायच्या. मी ताजा वारा घेऊन ताटकळत उभी. अखेर एका सकाळी चुनरू दारात आली.

"कोंबासाठी आलेय. तुमच्यासाठी नाही."

बाई स्टुलावरून उठल्या. चुनरूनं हात धुतले, बसली आणि आधी तळवा माझ्यासमोर धरून वारा येतोय का ते पाहिलं. मग कापलं.

त्या तुकड्यांच्या बाटल्या स्वच्छ राहिल्या. छुंगलौ फार सावकाश वाढतं. पण वर्ष उलटल्यावर कोवळी हिरवी टोकं दिसली. आजोबांनी एक बाटली उजेडात धरली.

"हा औषधाला कधी येईल?"

"आठ-दहा वर्षं लागतील," बाई म्हणाल्या.

"मी नसेन तेव्हा. चुनरू, तू चल माझ्याबरोबर. कुठं लावायचा ते दाखवून ठेवतो."

ती दोघं डोंगराकडे गेली. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या.

मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही, पण ते कुरकुरतं. तेव्हा हातातलं काम ठेवा आणि त्याला उघडून बघा. बाईंनी मला वेळेवर उघडलं असतं, तर त्या मुलीला कुणी घालवून दिलं नसतं, आणि म्हाताऱ्याच्या हाती ती बाटली कितीतरी आधी आली असती.