दाराजवळ फाटलेली राहुटी

मी एक जुनी राहुटी आहे. मित्रांनो, गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. छत्तीस वर्षं शेडमध्ये उंदरांच्या संगतीत काढली की कुणाचीही जीभ कडू होते.

माझा जन्म मात्र कौतुकात झाला. बेली नदीच्या काठी रोझिना नावाची बाई राहत असे. तिची लेक विल्मा बाळंत झाली, तेव्हा रोझिनाने जाड पांढरं कापड आणलं, स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सारलं आणि सतरा दिवस शिवणयंत्र चालवून मला शिवलं. आम्हा ब्लॅकफूट मूळनिवासी लोकांत राहुटी बाईची असते. उभारते तीच आणि उतरवते तीच. रोझिना लेकीला म्हणाली, "ही तुझी. पुढे तुझ्या पोरीची. नवरा डोक्यावर बसायला लागला तर भांडत बसू नकोस. त्याचे बूट उचल आणि दाराबाहेर ठेव." वर्षभरातच विल्माने नवऱ्याचे बूट बाहेर ठेवले. तो मुकाट्याने ते घालून निघून गेला.

चार उन्हाळे मी मानाने उभी राहिले. इकडचा पश्चिमेचा वारा माणसाला वाकून चालायला लावतो, पण मी कधी कलले नाही. माझं दार पूर्वेला, आत विल्मा आणि तिची छोटी कोरीन. येणारे-जाणारे माझ्या ताठपणाची तारीफ करत आणि मी फुगून जाई.

मग ती सकाळ आली. सरकारी गाडीतून दोन माणसं उतरली आणि चार वर्षांच्या कोरीनला परक्या घरी वाढवायला घेऊन गेली. अर्ध्या मैलावर तिची आजी होती, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. पोरीने माझी दाराजवळची कड दोन्ही मुठींत धरली होती. ती सोडेना, म्हणून त्यांनी तिला ओढलं आणि मी फाटले. विल्मा तेव्हा तिथे नव्हती. ती दुपारी आली. पाऊस पडत होता. तिने मला तशीच उतरवली, ओलीच घडी घातली आणि शेडमध्ये फेकली. माझा काय गुन्हा होता? मला बुरशी लागली, काळे डाग पडले. विल्मा मात्र गावभर सांगत सुटली, "माझ्या मिठीतून हिसकावून नेली हो माझी पोर!" शेडच्या फटीतून ते ऐकून माझा तिळपापड होई.

गेल्या उन्हाळ्यात नदीकाठी बायकांचं चार दिवसांचं शिबिर भरलं. पवित्र गोडगवत जाळून त्याचा धूर घ्यायचा, मन मोकळं करायचं, आपल्या रीती पुन्हा शिकायच्या, असा बेत होता. शिबिर भरवणारी नोएला आमच्यातलीच, पण तिच्या हातात सदानकदा वेळापत्रक. राहुट्या कमी पडल्या म्हणून तिने विल्माकडून मला मागून आणलं. आणि लांबच्या विनिपेग शहरातून कोरीन आली. चाळिशीची बाई. आईशी ती आजवर दोनदाच फोनवर बोलली होती आणि दोन्ही वेळा फोन आपटला होता.

मला उभारायला कोरीनच पुढे झाली. तिने पायाचे तीन वासे बांधले.

"तीन?" विल्मा ओरडली. "अगं, आपल्यात आधी चार वासे बांधतात! हे कुणाचं शिकून आलीस?"

"जे भेटले त्यांचं," कोरीन म्हणाली. "चार बांधायला शिकवणाऱ्या तेव्हा कुठे होत्या?"

शेजारी रानबेरी निवडत बसलेल्या बायकांचे हात थांबले. नोएला धावत आली. "बायांनो, आधी एक दीर्घ श्वास घ्या बरं."

"तूच घे!" मायलेकी एकदम म्हणाल्या. त्या चार दिवसांत त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

विल्माने दातांनी गाठ सोडली आणि चार वासे बांधले. मग पुन्हा सोडून पुन्हा बांधले, अगदी सावकाश. कोरीन दुसरीकडे तोंड करून उभी होती, पण नजर त्या गाठीवर होती. नंतर बेरी निवडताना विल्माने नवऱ्याच्या बुटांची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सगळ्या हसल्या. कोरीन पाठमोरी बसून ऐकत राहिली.

तिसऱ्या दिवशी वेळापत्रकात लिहिलं होतं, 'दहा ते अकरा : क्षमा'. सगळ्या माझ्या आत गोल बसल्या. विल्माने सुरुवात केली, "काय सांगू, माझ्या मिठीतून हिसकावून..."

कोरीन उठली, दाराशी जाऊन खाली बसली. तिने माझ्या फाटेत बोटं घातली. "ही फाट कशानं पडली?"

"उंदरांनी कुरतडलं असेल."

"मी पाडली. दोन्ही हातांनी धरलं होतं. तुमची मिठी होती ना? मग मी कापडाला कशाला धरलं असतं?"

विल्माचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"नव्हते मी इथे," विल्मा म्हणाली. "रोडिओला, घोड्यांचे खेळ बघायला गेले होते. संध्याकाळी परतणार होते, दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तुझ्यासाठी सूप ठेवलं होतं."

"सूप रात्रीच संपलं," कोरीन म्हणाली.

नोएलाने घसा साफ केला. "कोरीन, आता तुला जर क्षमा..."

"अकरा वाजले," कोरीन म्हणाली आणि बाहेर गेली.

संध्याकाळी पावसाची सर आली. विल्मा बूट काढून माझ्या आत, आपल्या जुन्या जागी बसली होती. कोरीन आत आल्यावर ती म्हणाली, "माफी मागायचं तोंड नाही मला. पण राहुटी तुझी आहे. तुझ्या आजीनंच तसं ठरवलंय. नको असेल तर जाळून टाक."

कोरीनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नको म्हणाली असती तर मी जळले तरी असते, नाहीतर पुन्हा शेडमध्ये गेले असते. ती वाकली, आईचे बूट उचलले आणि दाराबाहेर ठेवले.

विल्मा त्या बुटांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ओठांवर हसूही. ती बाहेर गेली, पावसात उभ्याने बूट चढवले.

"उतरवताना ओली घडी घालू नकोस," ती म्हणाली. "आधी वाळव. मी चुकले होते."

"जा तू आता, आई," कोरीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. कोरीनने मला गवतावर पसरलं आणि दुपारपर्यंत राखण करत बसली. तिची बस चुकली. विल्मा लांब रस्त्यावर उभी होती. तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आली नाही. नोएलाने सुई-दोरा आणून दिला, तर कोरीन म्हणाली, "फाट राहू दे."

मित्रांनो, तुमच्याकडे मागणं एकच. रागाच्या भरात कशाचीही ओली घडी घालून अंधारात टाकू नका. आधी उन्हात पसरा, डाग दिसले तर दिसू द्या. मी आता कोरीनच्या घरात कोरडी पडून आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती मला उभारणार आहे. चार वासे उभे करायला दोन बायका लागतात, हे तिला ठाऊक आहे. अजून तिने कुणाला बोलावलेलं नाही.