मोठे सर आणि स्फटिकातली भिंत

मोठ्या सरांना एकदा जे समजलं, ते कायमचं समजलेलं असे. तरुणपणी त्यांनी एका स्फटिकावर प्रबंध लिहिला होता. या स्फटिकाच्या कणाकणात धन विद्युतभार जरासा एका बाजूला सरकलेला असतो. उलटी वीज दिली की तो दुसऱ्या बाजूला जातो आणि वीज काढून घेतली तरी तिथेच ठाण मांडून बसतो. याला म्हणायचं ध्रुवीकरण उलटणं. सरांनी ठणकावून लिहिलं होतं, की सगळे कण एकाच क्षणी कूस बदलतात. या एका वाक्यावर सरांना विभागाची खुर्ची मिळाली. खुर्ची मिळाल्यावर त्यांनी स्फटिकाकडे पुन्हा पाहिलं नाही. गरजच काय होती?

मग विभागात एक नवी संशोधक आली. तिला बघण्याची वाईट खोड होती. नखाएवढा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती वीज अगदी हळूहळू वाढवायची. उलटलेला भाग पांढरा दिसे, न उलटलेला काळा. तिला दिसलं ते असं, की एका कडेला पांढरं टोक उगवतं, ते पसरतं, आणि काळ्या-पांढऱ्यामधली भिंत पुढे सरकू लागते. वाटेत ओरखडा आला की भिंत तिथे अडते, धनुष्यासारखी वाकते, आणि वीज आणखी वाढवली की सुटून पुढे उडी मारते. एकदम वगैरे काही नाही. सगळा कारभार सावकाश, कडेकडेने.

तिने सरांना सांगितलं. सरांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"डोळे कधी तपासलेत तुम्ही?"

ती खरंच डोळे तपासून आली. चष्म्याचा नंबर वाढला होता. नव्या चष्म्यातून भिंत आणखी ठसठशीत दिसू लागली. मग सर म्हणाले, धूळ असेल. तिने काच पुसली. मग म्हणाले, स्फटिकच खराब असेल. नवा मागवला, त्यातही भिंत. शेवटी सर म्हणाले, "काही गोष्टी फार जवळून बघितल्या की चुकीच्याच दिसतात." यावर काय उत्तर द्यायचं, हे तिला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं. विभागात तिचं नाव पडलं भिंतवाली. चहाच्या वेळी कोणीतरी भिंतीला पाठ टेकवून उभा राही आणि विचारी, "ही सरकत नाही ना?" विनोदबुद्धीच्या बाबतीत विभाग तसा काटकसरीच होता.

अशात विभागाच्या तपासणीला बाहेरून एक वयस्क प्राध्यापिका आल्या. त्या दिवशी सकाळी सरांनी भिंतवालीला बोलावून घेतलं. "वीज एका झटक्यात, जोरात द्यायची. आधी काळं, मग पांढरं. मधलं काही दाखवत बसायचं नाही. आणि हो, तुमच्या नेमणुकीची मुदतवाढ माझ्याकडेच सहीला आलीय, बरं का. सहज आठवलं म्हणून सांगितलं."

युक्ती नामी होती. जोराचा झटका दिला की भिंत इतक्या वेगाने धावते, की डोळ्याला फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर काळा चौकोन आला, भिंतवालीने झटका दिला, चौकोन पांढरा झाला.

"बघितलंत? एकदम!" सर म्हणाले.

पाहुण्या बाईंनी मान डोलावली. "छान. आता हेच हळू करून दाखवा."

सर भिंतवालीकडे बघून हसले. ते हसू आणि मुदतवाढ एकाच टेबलावर ठेवलेली होती, हे तिला कळत होतं. घराचे हप्ते, नवऱ्याची धरसोडीची नोकरी, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण स्फटिकही डोळ्यांसमोरच होता, आणि तो खोटं बोलायला तयार नव्हता. तिने स्फटिक पुन्हा काळा करून घेतला आणि बटण कणाकणाने फिरवलं.

कडेला पांढरं टोक उगवलं. भिंत निघाली, ओरखड्यावर अडली, वाकली, सुटली. पाहुण्या बाई खुर्ची पुढे ओढून बघत राहिल्या. "सुंदर," एवढंच त्या म्हणाल्या.

सरांनी घसा खाकरला. "मी हेच तर इतकी वर्षं सांगतोय."

मुदतवाढ मिळाली. भिंती आता सरांच्या होत्या आणि त्यांची देखभाल करायला माणूस लागणारच होतं. पुढच्या परिषदेत व्याख्यान सरांनीच ठेवलं, 'भिंतींच्या सहवासातली माझी वर्षं' या नावाचं. भिंतवालीचा उल्लेख छापील गोषवाऱ्याच्या शेवटी, आभारात होता, तोही आडनाव चुकवून. ती दोन दिवस घरात भांडी आपटत होती. नवरा म्हणाला, "सोडून दे." मग तिने आणखी एक पातेलं आपटलं.

व्याख्यानाच्या दिवशी तिची सुट्टी होती. ती सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. सरांचा आवाज कुजबुजता होता.

"अहो, इथे विचारतायत, भिंत ओरखड्यावरून सुटते तेव्हा आधी कुठून सुटते? मधून की टोकाकडून?"

"फोन स्पीकरवर ठेवा सर, मी सांगते."

"नको नको, मलाच सांगा."

"मग ते पुढचा प्रश्न विचारतील, सर."

फोनवर नुसती खरखर ऐकू आली. मग सभागृहाचा मोठा, पोकळ आवाज आला. भिंतवालीने आपलाही फोन स्पीकरवर टाकला, सोललेल्या मटारांचं ताट बाजूला सरकवलं आणि ती बोलायला लागली. एकाने ओरखड्यांविषयी विचारलं, एकाने तापमानाविषयी. कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आला तेव्हा सासूबाईंनी लगबगीने गॅस बंद केला. भिंतवालीला आपला आवाज मोकळा होत गेलेला जाणवत होता. सगळ्यात शेवटी ओळखीचा आवाज आला, पाहुण्या बाईंचा. "पुढच्या वेळी फोन नको. तुम्हीच या. बोलावणं तुमच्या नावाने पाठवते. आडनाव तेवढं नीट सांगा."

तिने आडनाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते आणि हसू आवरत नव्हतं.

सासूबाई पुन्हा शेंगा सोलायला लागल्या होत्या. "हुशार लोक असणार गं सगळे," त्या म्हणाल्या. "पण तुझे ते सर एक अक्षर बोलले नाहीत. फारच नम्र दिसतात."