सिस्टरचा सत्कार

"अहो, थांबा. कॉलर आत गेलीय," असं म्हणत सिस्टरनी सभागृहाच्या दारातच नवऱ्याची कॉलर ओढून बाहेर काढली.

"असू दे गं. सत्कार तुझा आहे. माझ्याकडे कोण बघतंय?"

"मी बघणार ना स्टेजवरून. आणि पहिल्या रांगेत बसायचं. मागे जाऊन खांबाआड लपू नका."

"नाही लपत," लिफ्टवाले म्हणाले.

लिफ्टच्या दुरुस्तीत त्यांचा उभा जन्म गेला होता. कुठल्याही इमारतीत शिरले की त्यांचे कान आधी लिफ्टकडे लागत. आजही वर येताना ते पुटपुटले होते, "दोर घासतोय हिचा. सांगायला हवं कुणाला तरी." सिस्टरनी डोळे वटारले तेव्हा कुठे गप्प बसले.

विद्यापीठ दर वर्षी आपल्या काही माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करत असे. कामात नाव काढलेल्यांचा आणि समाजासाठी काही केलेल्यांचा. यंदा पूल बांधणारा एक इंजिनिअर होता, औषधांच्या कारखान्याचा एक मालक होता आणि या सिस्टर. नर्सिंगची पदवी त्यांनी इथूनच घेतली होती. पुढे सगळी नोकरी इस्पितळाच्या अपघात विभागात झाली. सुट्टीच्या दिवशी त्या वर्ग घेत. श्वास थांबलेल्या माणसाला डॉक्टर येईपर्यंत कसं धरून ठेवायचं, हे येईल त्याला शिकवत. बसचे ड्रायव्हर, शिक्षिका, पहारेकरी, न्हावी, कुणीही यावं.

वर्गासाठी लागणारा रबरी पुतळा घरात दारामागे ठेवलेला असे. कमरेपर्यंतचाच, पण चांगला जड. सिस्टरची पाठ धरलेली, त्यामुळे लिफ्टवाले तो खांद्यावर टाकून जिना उतरत, वर्गात नेऊन ठेवत आणि बाहेर येऊन पायरीवर नाहीतर एखाद्या कट्ट्यावर बसून राहत. वर्ग संपला की आत जाऊन पुतळा उचलत. इतक्या वर्षांत ते आत एकदाही बसले नव्हते. इस्पितळातल्या मैत्रिणी थट्टा करत, "सगळ्या गावाला शिकवलंस आणि घरचा गडी कोरडाच ठेवलास की!" सिस्टर हसत आणि दुसरं काहीतरी बोलायला लागत.

निवेदिकेचा आवाज गोड होता. इंजिनिअरचे पूल सांगून झाले, मालकाचे कारखाने सांगून झाले. मग तिनं आवाज खाली आणला.

"पोटचा चिमुकला पाण्यानं हिरावून नेला. पण ही माउली अश्रू ढाळत बसली नाही. त्या दुःखातूनच तिनं प्रेरणा घेतली..."

सिस्टरनी वळून निवेदिकेकडे पाहिलं. हे बोलायचं नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. आणि चिमुकला कोण? घरात त्याला भिंगरी म्हणत. जेवायचा उभ्यानं, अभ्यास करायचा टेबलाखाली. त्याला कुणी चिमुकला म्हटलं असतं तर त्यानं लाथच घातली असती.

त्या दिवशी सिस्टर कामावर होत्या. बापलेक तळ्यावर गेले होते. बाप टॉवेल घ्यायला वळला, तेवढ्यात पोरगा पाय घसरून खोल पाण्यात गेला. दुपारी अपघात विभागाचं दार ढकलून एक माणूस आत आला. नखशिखांत भिजलेला, खांद्यावर मूल. सिस्टरनी चेहऱ्याकडे न बघता आधी मूल हातात घेतलं, खाली निजवलं आणि कुणालाही विचारतात तसं विचारलं, "पाण्यातून काढल्यावर काय केलंत?"

"काही नाही," माणूस धापा टाकत म्हणाला. "उचलला आणि पळत आलो."

मग आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी वर पाहिलं.

पुढे त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. उलट एकमेकांशी फार जपून वागू लागले, परक्याच्या घरी राहायला आल्यासारखे.

"आणि आता सिस्टरसाठी एक गंमत आहे!" निवेदिका म्हणाली.

पडद्यामागून एक मुलगी आली. तिच्या हातातला गुच्छ तिच्याहून मोठा होता. गेल्या उन्हाळ्यात ही मुलगी पोहण्याच्या तलावात बुडाली होती. मुलांना तिथे घेऊन आलेला शाळेच्या बसचा ड्रायव्हर सिस्टरच्या वर्गात शिकलेला. त्यानं तिला काठावर आडवी घातली आणि डॉक्टर येईपर्यंत छाती दाबत राहिला. मुलगी वाचली. टाळ्या थांबेनात. बाजूला उभी असलेली तिची आई पदरानं डोळे पुसत होती.

सिस्टरनी वाकून मुलीला जवळ घेतलं.

"तुम्हीपण रडणार?" मुलीनं कानाशी विचारलं. "मला बघून सगळे रडतात."

"नाही बाई. मी नाही रडत."

"मग ठीक. झालं की मी खाली जाऊ ना? बूट चावतोय."

"जा हं."

मुलगी ऊन ऊन होती, श्वास घेत होती. सिस्टरना खरंच बरं वाटलं. आणि त्याच्या खालून, न बोलावता, दुसरंच काहीतरी वर आलं. हिच्या वाट्याला तो ड्रायव्हर आला. ही वाचली. क्षणभर त्यांना त्या पोरीचा राग आला, आणि लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी तिच्या केसांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. मग मान वर करून पहिल्या रांगेकडे पाहिलं. लिफ्टवाल्यांची खुर्ची रिकामी होती.

"सिस्टर, दोन शब्द बोला ना."

माइकसमोर उभ्या राहिल्यावर त्यांना घरून ठरवून आणलेलं काहीच आठवेना.

"आमचा मुलगा चिमुकला नव्हता," त्या म्हणाल्या. "सात वर्षांचा होता आणि भारी दांडगा होता. त्याच्यापासून मी प्रेरणाबिरणा काही घेतली नाही. तो असता, तर सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यामागे पळत असते. तुमच्यापैकी कुणाला काही शिकवलं नसतं. ही मुलगी वाचली, त्याचा मला आनंद आहे. एवढंच."

सभागृहात कुणाला काय करावं कळेना. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. सिस्टर खुर्चीकडे गेल्या नाहीत. बाजूच्या दारानं सरळ बाहेर आल्या.

लिफ्टवाले बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर कडेला बसले होते. सिस्टर कठड्याला धरून त्यांच्याशेजारी टेकल्या.

"निघून का आलात?"

"केवढीशी आहे गं ती पोरगी."

"हो ना."

"फासळ्या मोडल्या असतील तिच्या?"

"एखादी मोडलीही असेल. लहान मुलांची हाडं जुळतात लवकर."

"तू सांगतेस ना वर्गात. मोडली तर मोडू दे, पण दाबा. बाहेर ऐकू येतं सगळं. दर वेळी ऐकतो मी."

सिस्टर त्यांच्याकडे वळून बसल्या.

"मी तुला तेव्हा खोटं सांगितलं," लिफ्टवाले म्हणाले. "काही केलं नाही म्हणालो. केलं होतं. छाती दाबतात, एवढं कुठेतरी पाहिलेलं होतं. ठेवला होता मी हात. पण त्याची ती एवढीशी छाती, आणि माझा हात हा असला. जरा दाबला तर आत काहीतरी करकरलं. वाटलं, मोडतंय. दुखेल गं त्याला. म्हणून सोडलं, आणि उचलून पळालो."

त्यांना येत नव्हतं, असंच सिस्टर इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. येत नव्हतं, यात कुणाचा दोष? या एका गोष्टीवर त्यांनी घर पुन्हा उभं केलं होतं, वर्ग सुरू केले होते.

"सोडलं नसतं तर," लिफ्टवाले म्हणाले, "तर काय..."

इस्पितळात सिस्टर नातेवाइकांशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आजच्या दिवस बोलावं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं.

"वाचला असता कदाचित," त्या म्हणाल्या. "कदाचित नसताही. सांगता येत नाही हो."

लिफ्टवाल्यांनी हळूहळू मान हलवली.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, बस." आणि ते रडू लागले. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, लहान मुलाला हुंदका फुटायच्या आधी होतं तसं.

"त्याला दुखेल म्हणून सोडलंत?" सिस्टरनी विचारलं.

"हो."

"दुखू नये म्हणून."

"हो गं."

सिस्टरनी त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला. ग्रीसनं रेषा कायमच्या काळ्या झालेला तो रुंद तळवा त्यांनी उघडला आणि त्यावर आपले दोन्ही हात ठेवले.

दारातून एक कार्यकर्ती घाईघाईनं बाहेर आली. "सिस्टर, इथे काय बसलात? फोटोला थांबलेत सगळे."

"काढा तुम्ही."

"अहो, पण तुमच्याशिवाय कसा..."

"काढा म्हणते ना, बाळा."

ती गेली. थोड्या वेळानं आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. कुणीतरी "जवळ या, जवळ या" म्हणत होतं. मग तेही थांबलं.